सीटॅब वापरून सोन्याचे नॅनोकण: नागपुरात प्रोजेक्ट सुरू करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी. रसायनशास्त्राचं प्रोजेक्टचं काम बहुतेकांचं जानेवारीत सुरू होतं. त्या दिवसांत अमरावती रोडवरचा विद्यापीठ परिसर असो की शहरातलं कुठलंही कॉलेज, सकाळी प्रयोगशाळा चांगलीच गार असते. सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखं रसायन, वापरून धातूचे नॅनोकण बनवणाऱ्यासाठी ही बाब फार महत्त्वाची आहे. या कामात सर्वांत जास्त वापरलं जाणारं सर्फॅक्टंट म्हणजे सिटाइलट्रायमिथाइलअमोनियम ब्रोमाइड, ज्याला सगळे सीटॅब म्हणतात. ते साधारण २५ अंश सेल्सिअसच्या खाली पाण्यातून स्फटिक होऊन बाहेर पडू लागतं. काल संध्याकाळी नितळ दिसलेलं द्रावण सकाळी पांढऱ्या सुयांनी भरलेलं दिसतं. रसायन खराब निघालं असं समजून नवीन विद्यार्थी ते फेकून देतो. फेकू नका. बाटली ३५ अंशांच्या पाण्यात ठेवा आणि हलक्या हाताने फिरवत राहा. द्रावण पुन्हा पूर्ववत होतं.

पाण्यात सोन्याचे साधारण ५ ते १७ नॅनोमीटरचे कण बनवणं, ते तपासणं, धुणं आणि उत्प्रेरक म्हणून त्यांची परीक्षा घेणं, एवढं काम इथे पायरीपायरीने मांडलं आहे. बनवण्याच्या कृती शोधपत्रांत हव्या तेवढ्या मिळतात. धुण्याबद्दल मात्र बहुतेक ठिकाणी एक ओळ असते, आणि उत्प्रेरकाचं खरं काम तिथेच अडतं. साच्यासारखं काम करणाऱ्या ज्या सर्फॅक्टंटमुळे कण लहान राहतात, तेच नंतर कणाच्या पृष्ठभागावर बसून अभिक्रियेची वाट अडवतं. किती ठेवायचं आणि किती काढायचं, हे ज्याला कळलं त्याला हा प्रोजेक्ट कळला असं माझं ठाम मत आहे.

साचा म्हणजे नेमकं काय

सर्फॅक्टंटच्या रेणूला पाण्याची ओढ असलेलं डोकं असतं आणि पाणी टाळणारी लांब शेपटी असते. पाण्यात त्यांचं प्रमाण एका मर्यादेच्या वर गेलं की शेपट्या आत आणि डोकी बाहेर असे गोळे बनतात. हेच मायसेल, आणि ती मर्यादा म्हणजे सीएमसी. सीटॅबची सीएमसी २५ अंशांना सुमारे १ मिलीमोलर आहे, तर सोडियम डोडेसिल सल्फेटची, म्हणजे एसडीएसची, सुमारे ८ मिलीमोलर. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, धुताना लागतील.

मायसेलच्या पोकळीत धातू ओतला आणि तिच्या मापाचा कण निघाला, असं चित्र बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. ते क्वचितच खरं असतं. त्याच्या सर्वांत जवळ जाणारी पद्धत द्रव-स्फटिकाची आहे. त्यात सर्फॅक्टंटचं प्रमाण इतकं वाढवतात की ते स्वतःच नळ्यांची नियमित रचना करतं आणि त्या नळ्यांमधल्या पाण्यात धातू जमतो. १९९७ मध्ये जॉर्ज ॲटर्ड आणि सहकाऱ्यांनी अशा रीतीने सूक्ष्म छिद्रांचं प्लॅटिनम बनवून दाखवलं. दुसरी पद्धत उलट्या मायसेलची. तेलात पाण्याचे नॅनोमीटरभर थेंब, त्यांच्याभोवती सर्फॅक्टंट, आणि थेंबाच्या आत धातूचं क्षपण, म्हणजे मिठातून धातू सुटा होणं. १९८२ मध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम आणि इरिडियमचे कण याच वाटेने बनवले गेले. पण इथेही थेंब सतत एकमेकांवर आदळतात आणि आतला माल अदलाबदल करतात, त्यामुळे कणाचं माप केवळ थेंबाच्या मापावर ठरत नाही.

आपण तिसऱ्या पद्धतीने जाणार आहोत, आणि नवख्यासाठी मी तीच सुचवेन. पाण्यात सोन्याचं बीज, म्हणजे आधी बनवलेला अगदी लहान कण, वाढत असताना सीटॅब त्याच्या पृष्ठभागावर दुहेरी थर धरतं. बाहेर धन प्रभाराची डोकी असल्यामुळे कण एकमेकांना दूर ढकलतात. वाढीला आकार देणारा आणि कणांना वेगळं ठेवणारा हा थर म्हणजेच आपला साचा.

सोनंच का

प्रकल्पाला सोनं म्हटलं की खर्चाची धास्ती वाटते. हिशेब करून बघा. क्लोरोऑरिक ॲसिड ट्रायहायड्रेटचा रेणुभार ३९३.८, म्हणजे १ ग्रॅम मीठात अर्धा ग्रॅम सोनं. त्यातून ०.०१ मोलर द्रावण सुमारे २५४ मिलीलिटर होतं. खाली दिलेल्या वाढ-द्रावणाच्या १०० मिलीलिटरला त्यातलं फक्त २.५ मिलीलिटर लागतं. एका ग्रॅममध्ये एका वर्गाचं वर्षभराचं काम सहज भागतं. इतवारीच्या सराफ्यातून चोख सोनं आणून ते आम्लराजात विरघळवण्याचा सल्ला कुणी दिला तर पहिल्या प्रोजेक्टला तरी ऐकू नका. त्यातली जास्तीची आम्लं नीट न काढल्यास पुढचं सगळं मोजमाप बिघडतं.

सोन्याचा मोठा फायदा रंग. कण नीट बनले तर द्रावण लाल, एकत्र चिकटले तर जांभळं-निळं. यंत्राच्या आधी डोळ्यांनाच कळतं. उत्प्रेरक म्हणून सोनं निरुपयोगी आहे असा जुना समज होता. १९८७ मध्ये मासाताके हारुता यांनी ऑक्साइडवर बसवलेल्या सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर कार्बन मोनॉक्साइडचं ऑक्सिडेशन शून्याखालच्या तापमानातही होतं हे दाखवलं आणि तो समज गेला.

चांदी स्वस्त आहे म्हणून सीटॅबमध्ये सिल्व्हर नायट्रेट ओतू नका. सीटॅबमधला ब्रोमाइड चांदीला लगेच पकडतो आणि सिल्व्हर ब्रोमाइडचा फिकट पिवळसर गढूळपणा येतो. चांदीच करायची असेल तर एसडीएस घ्या. पण एसडीएससोबत पोटॅशियमची मिठं टाळा, कारण पोटॅशियम डोडेसिल सल्फेट खोलीच्या तापमानाला साक्यासारखं खाली बसतं. पॅलेडियम घ्यायचं झालं तर याच कारणाने पोटॅशियमऐवजी सोडियम टेट्राक्लोरोपॅलेडेट मागवा.

तयारी

काचसामान हा अर्धा प्रयोग आहे. आदल्या दिवसाच्या सोन्याचा न दिसणारा थर भिंतीवर राहिला तर तो बीज म्हणून काम करतो आणि तुमचं नियंत्रण संपतं. जुनी काच आम्लराजाने धुवावी लागते: तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक, फ्यूम हूडमध्ये, गॉगल आणि हातमोजे घालून, मार्गदर्शक समोर असताना. आम्लराज जेवढं लागेल तेवढंच बनवा. बाटलीत झाकण लावून ठेवू नका, त्यातून वायू सुटत राहतात आणि बाटली फुटते. ॲसिटोन किंवा अल्कोहोलने ओली असलेली काच त्यात कधीही घालू नका. ही सोय नसेल तर नवीन काच घेऊन ती फक्त या कामासाठी राखून ठेवा. शेवटचं खंगाळणं डबल डिस्टिल्ड पाण्याचं. नळाच्या पाण्यात क्लोराइड आणि कॅल्शियम असतं; पहिलं चांदीला नडतं आणि दुसरं एसडीएसला.

सोन्याचं मीठ ओलावा शोषतं. बाटली उघडून रोज थोडं थोडं तोलण्यापेक्षा १ ग्रॅमची पूर्ण कुपी एकदाच विरघळवून ०.०१ मोलर स्टॉक करा आणि तपकिरी बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा. स्टीलचा चमचा त्याला लावू नका, धातूच्या स्पर्शाने सोनं तिथेच क्षपित होतं.

सोडियम बोरोहायड्राइड तोलताना नागपूरच्या उन्हाळ्यात एक खास अडचण येते. मार्च संपला की खोलीत डेझर्ट कूलर सुरू होतो आणि कूलरची हवा दमट असते. तराजू त्या झोतात असेल तर पूड बघता बघता ओलसर होते आणि वजन वर चढत राहतं. पाच मिनिटं कूलर बंद करा किंवा तराजू दुसऱ्या खोलीत न्या. नेमकं ३७.८ मिलीग्रॅम आणण्याच्या खटाटोपात पूड हवेत ठेवू नका. ३० ते ४५ मिलीग्रॅमच्या मध्ये जे येईल ते चटकन घ्या आणि तो आकडा ३.७८ ने भागा; तितके मिलीलिटर बर्फगार पाणी घातलं की ०.१ मोलर द्रावण झालं. ते बर्फात ठेवा आणि दहा मिनिटांच्या आत वापरा. त्यातून हायड्रोजन सुटत असतो, म्हणून बूच घट्ट लावायचं नाही आणि जवळ बर्नर पेटवायचा नाही.

बाकीचं सोपं आहे. ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट ७३.५ मिलीग्रॅम २५ मिलीलिटरमध्ये, म्हणजे ०.०१ मोलर. ॲस्कॉर्बिक ॲसिड १७६ मिलीग्रॅम १० मिलीलिटरमध्ये, म्हणजे ०.१ मोलर, हे त्याच दिवशी बनवायचं. सीटॅबची पूड नाकाडोळ्यांना झोंबते, तोलताना मास्क लावा. सीटॅबच्या बाटलीवरचा लॉट नंबर वहीत लिहा. काही सीटॅबमध्ये आयोडाइडचा अत्यल्प अंश असतो आणि तेवढ्यानेही कणांचा आकार बदलतो, विशेषतः पुढे तुम्ही नॅनोरॉड करायला गेलात तर.

बीज

कोनिकल फ्लास्कमध्ये १९ मिलीलिटर डबल डिस्टिल्ड पाणी, ०.५ मिलीलिटर सोन्याचा स्टॉक आणि ०.५ मिलीलिटर सायट्रेट घ्या. मॅग्नेटिक स्टररवर जोरात फिरवत ०.६ मिलीलिटर बर्फगार बोरोहायड्राइड एका दमात सोडा. थेंब थेंब टाकायचं नाही. सगळे कण एकाच क्षणी जन्मले पाहिजेत, तरच ते सारख्या मापाचे होतात. द्रावण लगेच गुलाबीसर होतं. साधारण साडेतीन नॅनोमीटरचे कण मिळतात.

आता दोन तास थांबा. हा वेळ उरलेलं बोरोहायड्राइड पाण्याशी अभिक्रिया होऊन संपावं म्हणून असतो. घाईने बीज पुढच्या पायरीत घातलं तर त्यासोबत गेलेलं बोरोहायड्राइड तिथे नवे कण जन्माला घालतं आणि लहान-मोठ्यांची सरमिसळ होते. उलट बाजूने, बीज फार शिळंही करू नका. पाच तासांच्या आत वापरा.

वाढ

वाढ-द्रावणासाठी १०० मिलीलिटरच्या मेजरिंग फ्लास्कमध्ये ३ ग्रॅम सीटॅब, २.५ मिलीलिटर सोन्याचा स्टॉक आणि उरलेलं पाणी. ४० अंशांपर्यंत गरम केलं की सीटॅब विरघळतं. सुरुवातीला सीटॅब कमी असताना नारिंगी गाळ दिसला तर घाबरायचं कारण नाही, पुरेसं सीटॅब विरघळल्यावर तो नाहीसा होतो. शेवटी नितळ पिवळं-नारिंगी द्रावण हवं. ते ३० अंशांवर आणून वॉटर बाथमध्येच ठेवा. जानेवारीत गार होऊ नये म्हणून आणि नवतप्यात तापू नये म्हणून. मे महिन्यात बाथमध्ये अधूनमधून बर्फाचे तुकडे टाकावे लागतात. पिपेटच्या टिप आणि रिकाम्या टेस्ट ट्यूबही त्याच तापमानाला असू द्या. हिवाळ्यात गार टिपमध्येच सीटॅब गोठतं आणि मोजमाप चुकतं.

आता तीन ट्यूब. पहिलीत ७.५ मिलीलिटर वाढ-द्रावण, ०.०५ मिलीलिटर ॲस्कॉर्बिक ॲसिड, आणि फिरवत असताना २.५ मिलीलिटर बीज. दुसरीत ९ मिलीलिटर वाढ-द्रावण, तितकंच ॲस्कॉर्बिक ॲसिड, १ मिलीलिटर बीज. अर्ध्या तासाने तिसरी: पुन्हा ९ मिलीलिटर वाढ-द्रावण आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड, पण बीज म्हणून दुसऱ्या ट्यूबमधलं १ मिलीलिटर.

ॲस्कॉर्बिक ॲसिड घातल्याबरोबर नारिंगी रंग उडून द्रावण रंगहीन होतं. त्या क्षणाकडे नीट बघा, संपूर्ण पद्धत त्यात आहे. ॲस्कॉर्बिक ॲसिड या परिस्थितीत सोन्याला तीनवरून एक प्रभारावर आणतं आणि तिथेच थांबतं. शेवटचा टप्पा, धातू होण्याचा, सोन्याच्या पृष्ठभागावरच पुढे सरकतो. म्हणून बीज घातल्यावर काही मिनिटांत लाल रंग चढतो. बीज घालण्याआधीच ट्यूब लाल होऊ लागली तर काच अस्वच्छ आहे. ती ट्यूब बाजूला ठेवा, पुढे नेण्यात अर्थ नाही.

कणांचं माप आधीच काढता येतं, आणि ते काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिल्या ट्यूबमध्ये बीजातलं सोनं एक भाग आणि नवं सोनं तीन भाग, म्हणजे प्रत्येक कणाचं आकारमान चौपट झालं. व्यास चारच्या घनमुळाने, म्हणजे १.५९ पटीने वाढेल: ३.५ चे ५.५ नॅनोमीटर. दुसरीत आकारमान दहापट, व्यास २.१५ पट, साडेसात-आठ नॅनोमीटर. तिसरीत पुन्हा दहापट, सुमारे १७ नॅनोमीटर. टीईएममध्ये, म्हणजे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये, याहून बरंच मोठं माप आलं तर काही बीजं आधीच चिकटली होती, आणि लहान आलं तर मधेच नवे कण जन्मले. तिसऱ्या ट्यूबमध्ये काही लांबट कण दिसतील. सीटॅबच्या सान्निध्यात ते होतंच.

काय बनलं ते बघणं

युव्ही-व्हिजिबल वर्णपट घ्या, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख. शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास हवं आणि ६०० च्या पुढे रेषा खाली उतरलेली हवी. तिथे खांदा दिसला तर कण चिकटले आहेत. आणखी एक रीडिंग न चुकता घ्या: ४०० नॅनोमीटरला शोषण किती. १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (नमुना ठेवायच्या चौकोनी पारदर्शक कुपीत) ०.५ मिलीमोलर धातुरूप सोन्याला तिथे सुमारे १.२ येतं. आपलं सोनं ०.२५ मिलीमोलर, म्हणून ०.६ च्या जवळ अपेक्षित आहे. ०.४ आलं तर एक तृतीयांश सोनं अजून क्षपित व्हायचं राहिलं आहे. उत्प्रेरण तपासताना हे उरलेलं सोनं फसवतं, ते कसं ते पुढे येईल.

टीईएमसाठी आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण-सुविधा केंद्रात बाहेरचे नमुने घेतात. न धुतलेला नमुना पाठवला तर ग्रिडवर, म्हणजे नमुना ठेवायच्या बारीक जाळीवर, सीटॅबचेच स्फटिक दिसतात आणि पैसे वाया जातात. धुतलेलाच पाठवा. किमान २०० कण मोजा. एका सुंदर फोटोवरून सरासरी काढू नका.

धुणं

इथे मी वेळ घेणार आहे. ट्यूबमध्ये सीटॅब सुमारे ८० मिलीमोलर आहे, म्हणजे सीएमसीच्या ऐंशीपट. पृष्ठभागाला त्यातलं फार थोडं लागतं, बाकी सगळं पाण्यात मोकळं आहे.

धुणं शिकायला १७ नॅनोमीटरचे कण घ्या. सेंट्रीफ्यूजमध्ये कण खाली बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो, त्यामुळे ८ नॅनोमीटरच्या कणांना चौपटीहून अधिक वेळ लागतो. वहीत आरपीएम लिहून भागत नाही, रोटरची त्रिज्याही लिहा. ८ सेंटिमीटर त्रिज्येला १३,००० आरपीएम म्हणजे सुमारे १५,००० जी, अर्थात गुरुत्वाच्या तितकी पट ओढ. तेवढ्यावर १७ नॅनोमीटरला २० मिनिटं पुरतात. ८ नॅनोमीटरला साधारण दीड तास द्या.

सेंट्रीफ्यूज सुरू करण्याआधी त्याचं तापमान बघा. थंड ठेवण्याची सोय असलेली यंत्रं जैवरसायनाच्या कामामुळे बरेचदा ४ अंशांवर लावलेली असतात. तिथे ट्यूब ठेवली की सगळं सीटॅब गोठतं आणि खाली पांढरा गोळा बसतो, ज्यात तुमचं सोनं अडकलेलं असतं. यंत्र ३० अंशांवर लावा.

१.५ मिलीलिटरच्या ट्यूबमधून वरचं १.४ मिलीलिटर काढा, ०.१ मिलीलिटर खाली ठेवा, पुन्हा पाणी घालून १.५ मिलीलिटर करा. हे एक धुणं, आणि त्यात मोकळं सीटॅब पंधरापट कमी झालं: ८० चे सव्वापाच मिलीमोलर. अजून सीएमसीच्या वर. दुसऱ्या धुण्यानंतर सुमारे ०.३५ मिलीमोलर, सीएमसीच्या खाली. तिसऱ्यानंतर ०.०२४. पाण्यात सीटॅब कमी झालं की पृष्ठभागावरचं सीटॅब सुटून पाण्यात येऊ लागतं आणि दुहेरी थर विरळ होतो. म्हणूनच तिसऱ्या धुण्यानंतर कण पुष्कळदा खाली बसतात ते परत उठतच नाहीत. लाल द्रावण जांभळं होतं, भिंतीवर काळपट पट्टा येतो. त्याला सोनिकेटरही वाचवू शकत नाही.

माझा आग्रह असा: दोन धुणी, दुसऱ्या धुण्यानंतर त्याच दिवशी वापर. ठेवायचंच असेल तर एका धुण्यावर थांबा आणि दुसरं धुणं वापरायच्या सकाळी करा. प्रत्येक धुण्यानंतर ५२० चं शिखर पुन्हा घ्या. वर काढलेलं पाणी फेकू नका, ते पुढे लागणार आहे.

काही जण सर्फॅक्टंट जाळून काढायचा सल्ला देतात. मोकळ्या कणांना हे चालत नाही. सोन्याचा वितळबिंदू १०६४ अंश असला तरी इतके लहान कण त्याच्या कितीतरी खाली सरकतात आणि एकमेकांत मिसळतात. आधी आधारावर बसवा. सीटॅब लावलेले कण धन प्रभाराचे, आणि सिलिकाचा पृष्ठभाग उदासीन पाण्यात ऋण प्रभाराचा, त्यामुळे दोन्ही एकत्र ढवळले की सोनं सिलिकावर बसतं आणि वरचं पाणी रंगहीन होतं. ॲल्युमिनाचा पृष्ठभाग उदासीन पाण्यात धन असतो, तिथे हे कण नीट बसत नाहीत. त्याला एसडीएस किंवा सायट्रेटचे कण घ्या.

उत्प्रेरक म्हणून परीक्षा

पॅरा-नायट्रोफिनॉलचं पॅरा-अमिनोफिनॉल करण्याची अभिक्रिया या कामासाठी जगभर वापरतात. ती रूढ करण्यात आयआयटी खरगपूरच्या ताराशंकर पाल यांच्या गटाचा मोठा वाटा आहे. ती पाण्यात होते, खोलीच्या तापमानाला होते आणि साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर दिसते.

नायट्रोफिनॉलचं ०.१ मिलीमोलर द्रावण २.४ मिलीलिटर क्युव्हेटमध्ये घ्या, ०.२५ मिलीलिटर पाणी, ०.३ मिलीलिटर ताजं ०.१ मोलर बोरोहायड्राइड. फिकट रंग गडद पिवळा होतो आणि शिखर ३१७ वरून ४०० नॅनोमीटरला जातं. शोषण १.४ च्या आसपास येतं. मग ०.०५ मिलीलिटर धुतलेले कण घाला आणि ४०० ला वेळेनुसार नोंद घ्या. पिवळा रंग उतरत जातो, ३०० जवळ नवं शिखर उगवतं. क्युव्हेटच्या भिंतीवर हायड्रोजनचे बुडबुडे चिकटतात, टिचकी मारून सोडवा, नाहीतर रीडिंग उड्या मारतं.

बोरोहायड्राइड नायट्रोफिनॉलच्या सव्वाशेपट असल्यामुळे त्याचं प्रमाण स्थिर धरता येतं. शोषणाचा नैसर्गिक लॉगॅरिदम वेळेसमोर मांडला की सरळ रेषा येते आणि तिचा उतार म्हणजे वेगस्थिरांक. सुरुवातीला काही काळ काहीच घडत नाही असं दिसेल. तो भाग रेषेत धरू नका, पण त्याची लांबी वेगळी नोंदवा. सीटॅब किती धुतलं यानुसार तो कसा बदलतो हे पाहण्यासारखं आहे.

कोऱ्या चाचण्या तीन. पहिली, कणांशिवाय. दुसरी, तेवढ्याच प्रमाणात फक्त सीटॅब घालून, कारण सीटॅबच्या मायसेलमध्ये नायट्रोफिनॉलचं शिखर थोडं सरकू शकतं. तिसरी बहुतेक जण करत नाहीत आणि ती सर्वांत मोलाची आहे: धुताना वर काढलेल्या पाण्याचे ०.०५ मिलीलिटर घालून. त्या पाण्यात क्षपित न झालेलं सोनं उरलं असेल तर बोरोहायड्राइड क्युव्हेटमध्येच त्याचे नवे, उघडे, फार क्रियाशील कण बनवतं. मग तुम्ही वेग मोजता तो त्यांचा, आणि श्रेय देता ते १७ नॅनोमीटरच्या कणांना. ही चाचणी कोरी आली तरच पुढचे आकडे विश्वासाचे.

आता खरा प्रयोग. न धुतलेले, एकदा धुतलेले आणि दोनदा धुतलेले कण, सोनं तिन्हींत सारखं. न धुतलेल्या नमुन्याचे ०.०५ मिलीलिटर ३ मिलीलिटरच्या क्युव्हेटमध्ये गेले तरी सीटॅब सव्वा मिलीमोलरच्या वर राहतं, म्हणजे क्युव्हेटमध्येही मायसेल आहेत. तीन वेगस्थिरांक एका तक्त्यात मांडा. माझ्या मते पाच वेगवेगळ्या मापांचे कण करण्यापेक्षा हा एक तक्ता प्रोजेक्टला जास्त वजन देतो.

मापांची तुलना करायची असेल तर पृष्ठभागाने भागा. १ ग्रॅम सोन्याचा पृष्ठभाग ५.५ नॅनोमीटरला सुमारे ५६ चौरस मीटर, ८ ला ३९, आणि १७ ला १८. लहान कण जलद आहेत एवढं सांगण्यात काही नवं नाही. पृष्ठभागाने भागल्यावरही ते जलद राहतात का, हा प्रश्न आहे.

क्युव्हेटचं तापमान स्थिर ठेवल्याशिवाय यातलं काहीच टिकत नाही. सक्रियण ऊर्जा ४५ किलोज्यूल प्रति मोल धरली, तर जानेवारीतल्या २० अंशांपेक्षा एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांना वेग जवळजवळ तिप्पट होतो. जानेवारीत मोजलेला एक नमुना आणि एप्रिलमध्ये मोजलेला दुसरा, यांची तुलना केली तर तुम्ही उत्प्रेरकाची नव्हे, नागपूरच्या हवेची नोंद घेतलेली असते. पाणी फिरवणारा सेल होल्डर नसेल तर सगळे नमुने एकाच सकाळी, सगळी द्रावणं एकाच वॉटर बाथमधून काढून मोजा.

उरलेल्या द्रावणांचं

सीटॅब पाण्यातल्या जिवांना अतिशय विषारी आहे आणि नायट्रोफिनॉलही घातक आहे. बेसिनमध्ये ओतलेलं नाग नदीत आणि तिथून पुढे वैनगंगेकडे जाऊ शकतं. दोन बाटल्या ठेवा: एक सोन्याच्या द्रावणांची, दुसरी नायट्रोफिनॉल-अमिनोफिनॉलची. बोरोहायड्राइड असलेलं द्रावण रात्रभर फ्यूम हूडमध्ये उघडं ठेवून मगच बाटलीत ओता, आणि आम्लाच्या बाटलीत तर कधीच नाही. सोन्या-चांदीच्या बाटलीत अमोनिया पडू देऊ नका, सुकल्यावर त्यातून स्फोटक संयुगं बनतात. बाटलीवर आतला माल, तारीख आणि तुमचं नाव लिहा, झाकण सैल ठेवा आणि भरली की विभागातल्या घातक कचऱ्याच्या नोंदवहीत चढवून प्रयोगशाळा सहायकांकडे द्या.